समुद्रावरची हत्यारांची पेटी



वसंतातल्या या व्याख्यानांत साहित्य, इतिहास, अर्थकारण असे भारदस्त विषय ऐकण्याची आपणांस सवय आहे. त्यांच्या मानाने हत्यारांची पेटी हा विषय किरकोळ वाटेल. पेटी तर आपल्या सर्वांच्याच घरी असते. फडताळाच्या खालच्या कप्प्यात एक हातोडी, एक पक्कड, मूठ सैल झालेला एक स्क्रूड्रायव्हर आणि बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात थोडे गंजके खिळे. नळ गळू लागला म्हणजे आपण ही पेटी उघडतो. हवा तो पाना तिच्यात नेमका नसतो. मग प्लंबरला निरोप जातो. तो त्या दिवशी आला नाही, तरी काही अडत नाही. नळाखाली बादली ठेवून रात्र काढता येते.

आता क्षणभर अशी कल्पना करा, की हा गळका नळ दहा मीटर लांबीच्या एका शिडाच्या नौकेच्या तळाशी आहे. जवळचा किनारा आठशे मैलांवर आहे. रात्रीचे दोन वाजले आहेत, नौका एका कुशीवर कलली आहे, आणि नौकेवर आपण एकटेच आहोत. येथे प्लंबर नाही, सुतार नाही, कोपऱ्यावरचे हार्डवेअरचे दुकान नाही. जे काही आहे ते निघण्यापूर्वी आपण बरोबर घेतले तेवढेच. अशा ठिकाणी हत्यारांची पेटी ही सोय राहत नाही. ती जीव वाचविण्याचे साधन होते. ही पेटी भरावी कशी, हे मी आज सांगणार आहे.

प्रथमच एक गोष्ट स्पष्ट करतो. पेटी जड असली म्हणजे ती चांगली, असे नाही. लहान नौकेत जागा थोडी असते आणि वजनाला मर्यादा असते. सबंध कारखाना बरोबर नेता येत नाही. म्हणून जाणता दर्यावर्दी दुकानातून यादी आणीत नाही. तो नौकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सावकाश चालत जातो आणि दिसेल त्या प्रत्येक वस्तूपाशी थांबून तीन प्रश्न विचारतो. ही वस्तू मोडली तर काय होईल? ती मोडली असता माझे हे दोन हात काय करू शकतील? आणि त्यासाठी हातात काय असावे लागेल? या तीन प्रश्नांची उत्तरे म्हणजेच त्याची पेटी.

या विचाराचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईत बांधलेल्या एका नौकेचे आहे. तिचे नाव ‘सुहेली’. सागवानी लाकडाची, बत्तीस फूट लांबीची ही नौका १९६४ साली मुंबईत पाण्यात उतरली. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन हा तरुण इंग्रज दर्यावर्दी १४ जून १९६८ रोजी तिच्यातून इंग्लंडच्या फॅल्मथ बंदरातून एकटा निघाला आणि कोठेही न थांबता पृथ्वीप्रदक्षिणा करून २२ एप्रिल १९६९ रोजी त्याच बंदरात परत आला. एकट्याने, न थांबता केलेली ही जगातली पहिली प्रदक्षिणा. त्या शर्यतीत नऊ जण उतरले होते. ती पुरी केली ती एकट्या नॉक्स-जॉन्स्टनने.

प्रवासाच्या आरंभीच, अटलांटिकमध्ये असताना, ‘सुहेली’त पाणी येऊ लागले. कण्याजवळच्या फळ्यांची सांध उघडली होती आणि ती पाण्याखाली होती. गोदीत नौका कोरडी करून त्या फटीत कापूस ठासतात. येथे गोदी कुठली? नॉक्स-जॉन्स्टन हातोडी घेऊन पाण्यात उतरला. श्वास रोखून बुडी मारायची, कापूस ठासायचा आणि वर यायचे. पण पुन्हा बुडी मारीपर्यंत कापूस निघून गेलेला असे. तेव्हा त्याने दुसरा उपाय काढला. कॅनव्हासच्या लांब पट्टीवर कापूस शिवला, त्यावर डांबर चोपडले, ती पट्टी फटीवर धरून बारीक खिळ्यांनी ठोकली, आणि ती निघून येऊ नये म्हणून वरून तांब्याची पट्टी बसविली. मध्येच शार्क मासा घोटाळू लागला, तेव्हा वर येऊन बंदूक चालवावी लागली आणि मग काम पुढे चालू झाले.

आता या दुरुस्तीला काय लागले ते मोजा. हातोडी, सुई-दोरा, कापूस, कॅनव्हासचा तुकडा, डांबर, खिळे आणि तांब्याची पट्टी. यांत एकही वस्तू दुर्मिळ नाही, एकही महाग नाही. पण यांतली एक जरी नसती, तरी ते काम तसे झाले नसते. पेटीचे मोल किमतीत नसते, ते असे असते.

तर मग आपली पेटी भरू लागू. कोणत्या क्रमाने? संकटाच्या क्रमाने. नौकेवर सर्वांत मोठे संकट म्हणजे आत येणारे पाणी. दुसरे डोलकाठी पडणे. तिसरे सुकाणू निकामी होणे. त्यानंतर शिडे, इंजिन आणि वीज.

पाण्यापासून आरंभ करू. नौकेच्या तळाला काही भोके मुद्दामच ठेवलेली असतात. इंजिन थंड करण्याचे पाणी आत घेण्यासाठी, संडासासाठी, मोरीचे पाणी बाहेर टाकण्यासाठी. प्रत्येकावर एक झडप आणि झडपेला रबरी नळी असते. समजा, पाण्याच्या पातळीखाली दोन फुटांवर असलेल्या दीड इंची भोकावरची नळी निसटली. हिशेब केला तर दर मिनिटाला सुमारे दीडशे लिटर पाणी आत येते, म्हणजे आपल्या घरच्या बादल्या धरल्या तर मिनिटाला दहा बादल्या! एकटा माणूस हातपंपाने इतके पाणी फार वेळ उपसू शकत नाही. पण यावरचा उपाय काय आहे, ठाऊक आहे? मऊ लाकडाची, गाजरासारखी निमुळती बुचे. प्रत्येक भोकाच्या मापाचे बूच त्याच्याच झडपेला दोरीने बांधून ठेवायचे. नळी निसटली की बूच भोकात घालायचे आणि वर हातोडीचा ठोका द्यायचा. लाकूड भिजून फुगते आणि घट्ट बसते. बूच पेटीत न ठेवता झडपेलाच का बांधायचे? कारण गुडघाभर पाण्यात, अंधारात, पेटी शोधण्यास वेळ नसतो. याच कप्प्यात नळ्या आवळण्याच्या स्टीलच्या क्लिपा, रबरी नळीचे तुकडे आणि पाण्याखालीही घट्ट होणारा इपॉक्सीचा लांबा ठेवावा.

दुसरे संकट डोलकाठीचे. डोलकाठी स्वतःच्या बळावर उभी नसते. तिला चारी बाजूंनी पोलादी तारेचे दोर ताणून धरतात. पुष्कळ नौकांवर या दोरात एकोणीस तारा एकत्र पिळलेल्या असतात. त्यांतली एक तार तुटली की तिचा भार उरलेल्या अठरांवर येतो, आणि जी झीज एकीला झाली ती इतरांनाही झालेली असते. म्हणून एक तुटकी तार दिसली की तो सबंध दोर गेला, असेच समजावे. यासाठी नौकेवरील सर्वांत लांब दोराएवढा तारेचा दोर, नुसत्या पान्यांनी आवळून बसविता येणारी त्याची टोके, तार पकडणाऱ्या चापा, शॅकल आणि निरनिराळ्या मापांच्या पिना बरोबर घ्याव्या. अलीकडे डायनीमा नावाचा कृत्रिम धाग्याचा दोर मिळतो. तो त्याच जाडीच्या पोलादी तारेहून मजबूत असतो, पाण्यावर तरंगतो, आणि त्याची टोके हातांनी गुंफता येतात. अडीअडचणीला त्याच्याएवढी उपयोगी वस्तू थोडीच.

आणि इतके करूनही डोलकाठी पडलीच तर? तर एक चमत्कारिक गोष्ट घडते. जी डोलकाठी नौकेला चालवीत होती, तीच नौकेची वैरीण होते. तारांनी अडकलेली ती पाण्यात लोंबकळते आणि प्रत्येक लाटेसरशी तिचे मोडके टोक नौकेच्या कुशीवर आदळते. कूस फुटली तर नौका बुडाली. म्हणून तारा कापणारी मोठी कात्री, हॅक्सॉ आणि तिची पुष्कळ पाती हाताशी हवीत. पाती पुष्कळ अशासाठी, की स्टेनलेस स्टील घासता घासता अधिक कठीण होत जाते आणि पात्याचे दात भराभर जातात. कित्येकदा हातोडी व पोगर घेऊन तारेच्या टोकाची पीन ठोकून काढणे हेच सर्वांत जलद ठरते. पण पीन ठोकून निघेल की नाही, हे बंदरात असतानाच पाहून ठेवले पाहिजे.

तिसरे संकट सुकाणूचे. भारतीय नौदलाची ‘तारिणी’ ही गोव्यात बांधलेली नौका १० सप्टेंबर २०१७ रोजी सहा महिला अधिकाऱ्यांना घेऊन गोव्याहून निघाली आणि पृथ्वीप्रदक्षिणा करून २१ मे २०१८ रोजी परत आली. वर्तिका जोशी तिच्या कप्तान होत्या. ठरलेली बंदरे चार होती. पण परतीच्या शेवटच्या टप्प्यात सुकाणूच्या यंत्रणेत बिघाड झाल्याने मॉरिशसच्या पोर्ट लुई बंदरात न ठरविलेला पाचवा थांबा घ्यावा लागला. उत्तम नौका आणि उत्तम तयारी असलेल्यांवरही हा प्रसंग येतो, हे लक्षात ठेवावे. चाकाने सुकाणू फिरविणाऱ्या नौकेत एक लोखंडी दांडा निराळा ठेवलेला असतो. चाक निकामी झाले तर तो दांडा सुकाणूच्या माथ्यावर बसवून हातांनी नौका वळवायची. पुष्कळ नौकांवर हा दांडा तळघरात पडून असतो, आणि तो बसवून कोणी कधी पाहिलेलाच नसतो! त्याच्याबरोबर चाकाच्या तारा, साखळीच्या कड्या आणि मापाचे बोल्ट राखून ठेवावेत.

शिडांचे काम आपल्या चांभाराच्या आणि शिंप्याच्या कामाच्या मधले. जाड दाभणे, मेण लावलेला दोरा, दाभण रेटण्यासाठी तळहातावर चढविण्याचा चामडी पट्टा, शिडाच्या कापडाचे तुकडे आणि चिकटपट्टी. शिडाचे कापड सहसा आधी जात नाही, शिवण जाते. कारण वर आलेला दोरा उन्हाने कुजतो. चार टाके उसवलेले दिसताच घातले तर पाव तासाचे काम. दुर्लक्ष केले तर पुढच्या वादळात शीड या टोकापासून त्या टोकापर्यंत फाटते.

इंजिनाविषयी थोडक्यात सांगतो. त्याला थंड ठेवणारे समुद्राचे पाणी एक लहानसे रबरी चक्र आत ओढते. त्याला इंपेलर म्हणतात. पाणी आत येण्याच्या वाटेत शेवाळ अडकले की हे चक्र कोरडे फिरते आणि थोड्याच मिनिटांत त्याची पाती तुटतात. नवे चक्र जवळ असले म्हणजे झाले, असे नाही. जुन्याची पाती मोजावी लागतात. कारण तुटलेले तुकडे पुढच्या नळीत जाऊन अडकतात आणि नवे चक्र बसवूनही इंजिन तापतच राहते. दुसरी गोष्ट इंधनाच्या गाळणीची. टाकीच्या तळाशी महिनोन् महिने साचलेला गाळ शांत पाण्यात स्वस्थ असतो. वादळात टाकी घुसळली की तो वर येतो आणि गाळणी तुंबते. म्हणजे इंजिनाची गरज सर्वांत अधिक त्याच वेळी ते बंद पडते. म्हणून गाळण्या एक-दोन नव्हे, अर्धा डझन घ्याव्या. पट्टे, तेल आणि फ्यूज यांचीही तीच गोष्ट. विजेसाठी एक मल्टिमीटर, तारा आणि डाख देण्याचे सामान असले म्हणजे बहुतेक काम भागते; कारण खाऱ्या हवेत वस्तू सहसा बिघडत नाहीत, त्यांचे जोड बिघडतात.

आता खुद्द हत्यारांकडे वळू. पाने कोणत्या मापाचे घ्यावेत? नौका जुनी आणि इंग्रजी किंवा अमेरिकन घडणीची असेल तर तिचे बोल्ट इंचांत असतील, आणि मागाहून बसविलेले इंजिन मिलिमीटरांत असेल. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिलिमीटर. तिथे १२ चा पाना बसत नाही. १३ चा बसतो, पण किंचित सैल. त्या सैलपणाने नटाचे कोपरे झिजतात आणि एकदा नट गोल झाला की कोणताच पाना कामाचा राहत नाही. म्हणून आधी नौकेवरचे नट मोजावेत, मग पाने घ्यावेत. दुसरी अडचण अडकलेल्या बोल्टांची. ॲल्युमिनियमच्या डोलकाठीत स्टीलचा बोल्ट असला आणि त्यावर खारे पाणी पडत राहिले, की दोन धातूंमध्ये बॅटरीसारखी क्रिया चालते, ॲल्युमिनियम खाल्ले जाऊन पांढरी भुकटी साचते आणि बोल्ट जागीच जखडतो. तो काढण्यास गंज सोडविणारे तेल, उष्णता आणि हातोडीने ठोकताच फिरणारा स्क्रूड्रायव्हर लागतो. पण बोल्ट बसवितानाच त्यावर दोन धातूंना अलग ठेवणारा लेप लावला असता तर यांतले काहीच लागले नसते. तेव्हा त्या लेपाची एक लहानशी नळी ही देखील पेटीतली वस्तूच.

जमविलेले सामान ठेवावे कसे, यावरही पुष्कळ अवलंबून आहे. पत्र्याची पेटी समुद्रावर गंजते. तेल लावलेल्या कापडात गुंडाळलेली हत्यारे कॅनव्हासच्या गुंडाळीत किंवा प्लॅस्टिकच्या डब्यांत ठेवावी. डबे खाली, पक्के बांधलेले हवेत. नौका कलली तर सुटलेली हातोडी तोफेच्या गोळ्यासारखी येते. डोलकाठीवर चढताना प्रत्येक हत्यार दोरीने मनगटाला बांधावे. कारण समुद्र घेतलेली वस्तू परत देत नाही. प्रत्येक डब्याला क्रमांक द्यावा आणि कोणती वस्तू कोणत्या डब्यात आहे, हे एका वहीत लिहावे. शोधून सापडत नाही ती वस्तू नौकेवर नाही, असेच धरावे.

आणखी एक जुनी पण फार शहाणपणाची रीत आहे. नवा सुटा भाग विकत आणला म्हणजे तो तसाच डब्यात टाकू नये. बंदरातच तो जागेवर बसवावा आणि आजवर चालत असलेला जुना भाग राखीव म्हणून ठेवावा. यात तीन लाभ आहेत. नवा भाग बरोबर मापाचा आहे, हे कळते. तो बसविण्यास कोणते हत्यार लागते, हेही कळते. आणि आपल्या हातांना ते काम एकदा केल्याची आठवण राहते. समुद्रावर यांतला तिसरा लाभ सर्वांत मोठा.

अर्थात मांडव्याला जाऊन संध्याकाळी परतणाऱ्याने एवढा पसारा नेण्याचे कारण नाही. त्याला चाकू, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, लहानमोठे दोन पाने, दोन शॅकल, थोडी दोरी, चिकटपट्टी, बुचे आणि विजेरी एवढे पुरे. किनारा जितका दूर, तितकी पेटी मोठी, हा साधा हिशेब.

पण कितीही विचार केला, तरी जे मोडेल असे वाटले नव्हते तेच मोडते. मग काय करावे? ‘सुहेली’वर नॉक्स-जॉन्स्टनला असाच अनुभव आला. बॅटऱ्या भरण्याच्या लहान इंजिनात ठिणगीची फट ठराविक मापाची ठेवावी लागते आणि ती मोजण्याचे फीलर गेज तो घरीच विसरला होता. त्याने हाताशी असलेल्या पुस्तकाची पाने मोजली. दोनशे पाने मिळून एक इंच होत होता. म्हणजे एक पान इंचाच्या हजार भागांपैकी पाच भाग. त्याला बारा ते पंधरा भागांची फट हवी होती. त्याने तीन पाने एकत्र धरली आणि फट लावली! हत्यार विसरले होते, पण ते हत्यार काय करते हे तो विसरला नव्हता.

म्हणूनच तयार सुट्या भागांबरोबर थोडा कच्चा माल न्यावा. प्लायवुडचा तुकडा, धातूच्या पट्ट्या, निरनिराळे बोल्ट, दोरी आणि इपॉक्सी. तयार भाग एकाच जागी बसतो. कच्च्या मालाचे काहीही करता येते. प्रसंगी नौकाच कच्चा माल होते. आपल्या नौदलाचे निवृत्त अधिकारी अभिलाष टॉमी ४ सप्टेंबर २०२२ रोजी फ्रान्समधून गोल्डन ग्लोब शर्यतीत निघाले. वाऱ्याच्या आधाराने नौका आपोआप दिशेवर ठेवणारे त्यांचे यंत्र वाटेत मोडले. तेव्हा त्यांनी संडासाचे दार कापून त्याचा भाग तयार केला. शर्यतीचा नियम असा, की बाहेरची मदत घेता येत नाही. २९ एप्रिल २०२३ रोजी ते दुसऱ्या क्रमांकाने परत पोहोचले.

या माणसाचा आधीचा अनुभव सांगितल्याशिवाय मात्र विषय पुरा होणार नाही. याच शर्यतीत २०१८ साली ते ‘थुरिया’ या गोव्यात बांधलेल्या नौकेतून गेले होते. २१ सप्टेंबर २०१८ रोजी दक्षिण हिंदी महासागरात वादळाने नौका उलथली, डोलकाठी मोडली आणि त्यांच्या पाठीच्या कण्याला जबर दुखापत झाली. हत्यारे होती, पण हलताच येत नव्हते. तीन दिवसांनी ‘ओसिरिस’ या फ्रेंच जहाजाने त्यांना वाचविले. हत्यार उचलण्यास हात लागतो, आणि काही प्रसंग हातांपलीकडचे असतात, हे कबूल केले पाहिजे. मदत मागण्याचे यंत्र, औषधांची पेटी आणि नौका उलथली तरी स्वतःला बांधून ठेवणारा पट्टा ही सारी याच तयारीची पुढची पाने आहेत.

श्रोतेहो, समुद्रावर जाणारे आपल्यापैकी थोडेच असतील. तरीही हा विषय मी निवडला, कारण किनाऱ्यावर आपण दुसऱ्याच्या हातांवर किती विसंबून असतो, हे समुद्र स्पष्ट दाखवितो. दर्यावर्दी पेटी भरतो म्हणजे काय करतो? जे अजून मोडलेले नाही त्याच्यासमोर उभा राहून, ते मोडलेले आहे असे समजून, शांतपणे विचार करतो. भीतीच्या वेळी करावा लागणारा विचार तो निवांतपणी करून ठेवतो, आणि तो डब्यांत नीट लावून, वहीत लिहून बरोबर नेतो. पुढे काळोख्या रात्री पाणी आत आले, की त्याला फक्त हात पुढे करावयाचा असतो. बूच झडपेला बांधलेले असते.